साल कोणतं, गिटार कोणती

फोंड्याहून एका वाचकाचं पत्र आलं आहे. मुलगा इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, गिटारची हौस आहे, आणि आता त्याला ‘सेमी-हॉलो’ इलेक्ट्रिक गिटार हवी आहे. नवी परवडत नाही म्हणून जुनी बघताहेत. दोन ठिकाणी एकाच कंपनीची, एकाच नावाची, अगदी एकाच रंगाची गिटार सापडली. पण एकीची किंमत दुसरीच्या जवळजवळ दुप्पट. “यात फसवतोय कोण, स्वस्त देणारा की महाग देणारा?” असा त्यांचा सवाल आहे.

दोघांपैकी कुणीच फसवत नसेल, अशीही शक्यता आहे. नाव एक असलं तरी त्या दोन वेगळ्या गिटारी असू शकतात. हे मला पूर्वी ऐकून माहीत होतं. खरं कळलं ते गेल्या वर्षी, पावसाळ्याच्या तोंडावर, मडगावजवळच्या एका घरात.

त्या घरातले अंकल तारवटी होते. बोटीवर बरीच वर्षं काढली, सुट्टीवर आले की लग्नाच्या बँडमध्ये वाजवायचे. ते गेल्याला आता बरीच वर्षं झाली. त्यांची लाल गिटार आंटीने केसमध्ये घालून कपाटावर ठेवली होती. घराचं छप्पर गळायला लागलं तेव्हा आंटीने ती विकायची ठरवली. पुण्याचा एक गिऱ्हाईक फोनवर चांगल्यापैकी रक्कम बोलून गेला होता, रविवारी येणार होता. त्याआधी कुणीतरी जाणत्याने बघावी म्हणून आंटीने मला बोलावलं. अंकल नेहमी म्हणायचे, ही १९६४ ची. परदेशातल्या कुठल्याशा बंदरात, जुन्या सामानाच्या दुकानात त्यांनी ती घेतली होती, आणि दुकानदाराने साल तेवढं सांगितलं होतं.

केस उघडली आणि माझा श्वास अडकला. गिब्सनची ई.एस. ३३५.

ज्यांना ही भानगड ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. पोट पूर्ण पोकळ असलेली गिटार लाऊडस्पीकरसमोर मोठ्याने वाजवली की ती शिट्टी मारायला लागते. स्पीकरच्या आवाजाने तिचं पोट हलतं, तो आवाज पुन्हा तारांत शिरतो. सबंध भरीव लाकडाची गिटार शिट्टी मारत नाही, पण तिच्यात तो ऊबदार, हवा भरल्यासारखा स्वर नसतो. गिब्सनने १९५८ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या कालामझू इथल्या कारखान्यात मधला मार्ग काढला. बाहेरून पोकळ, दोन्ही बाजूंना इंग्रजी ‘एफ’च्या आकाराची छिद्रं, पण आत मानेपासून बुडापर्यंत मेपल लाकडाचा अखंड ठोकळा. म्हणून ती अर्धपोकळ. टेड मॅकार्टी तेव्हा कंपनीचे अध्यक्ष होते. मॉडेल इतकं जमून आलं की आजही निघतं, आणि जगातल्या बहुतेक अर्धपोकळ गिटारी तिचीच नक्कल आहेत.

पण ‘आजही निघतं’ यातच सगळी गोम आहे. आपल्या शेजारणीचं लोणचं दरवर्षी त्याच नावाचं असतं, पण कैरी, मीठ, हात आणि बरणी बदलते. साठसत्तर वर्षांत या गिटारीचे कारखाने बदलले, मालक बदलले, लाकूड बदललं. नाव तेवढं कायम.

मानेवरच्या खुणाच घ्या. पहिली चार वर्षं फिंगरबोर्डवर गोल ठिपके होते, १९६२ च्या सुमारास त्या जागी चौकोनी तुकडे आले. सुरुवातीला पुढचं काळं संरक्षक पान लांब होतं, १९६१ पासून आखूड झालं. अंगाचे दोन वरचे कान आधी मिकी माऊससारखे गोल होते, नंतर टोकदार झाले. तारा ज्याला अडकतात तो टेलपीस आधी अंगावर बोल्टांनी घट्ट बसवलेला आडवा दांडा होता. १९६५ पासून त्याऐवजी बुडाला टांगलेला झोपाळ्यासारखा ‘ट्रॅपीझ’ आला. धातूचे भाग तोवर निकेलचे होते, ते क्रोमचे झाले. मानसुद्धा एका लयीत राहिली नाही: १९५९ ला भरदार गोल, १९६० ला चपटी, १९६३-६४ ला पुन्हा गुबगुबीत.

आंटीच्या गिटारीला चौकोनी तुकडे होते आणि टेलपीस ट्रॅपीझ होता. म्हणजे १९६४ चा अगदी शेवट, नाहीतर त्यानंतरची. मी आंटीला काही बोललो नाही. डोक्यामागचा नंबर पाहिला, सहा आकडी. इथे मोठा सापळा आहे. साठच्या दशकात गिब्सनने तेच तेच नंबर वेगवेगळ्या वर्षी पुन्हा वापरले. त्यामुळे नंबरवरून साल सांगणारा माणूस, प्रामाणिक असला तरी, सरळ चुकू शकतो. आंटीच्या गिटारीचा नंबर तसाच, १९६४ मध्येही बसणारा आणि पुढच्या एका वर्षातही बसणारा.

मग मी पिशवीतून कॅलिपर काढला. मानेच्या वरच्या टोकाला, जिथून तारा खुंट्यांकडे जातात, तिथे हाडासारखी एक आडवी पट्टी असते. तिला नट म्हणतात. १९६५ च्या मध्यापर्यंत या पट्टीची रुंदी १ ११/१६ इंच होती, म्हणजे सुमारे ४२.९ मिलिमीटर. मग ती १ ९/१६ इंच झाली, सुमारे ३९.७. साठचं दशक सरता सरता पुन्हा रुंद झाली. फरक दोन-सोळांश इंचाचा. गणित नको असेल तर बांगड्यांच्या दुकानात आठवून पाहा: दोन-चारची बांगडी आणि दोन-सहाची बांगडी, यांच्यात नेमका एवढाच फरक असतो. दोन-सहाच्या हातात दोन-चारची चढवताना काय होतं ते घरातल्या बायकांना विचारा. सहा तारा त्या अरुंद पट्टीवर दाटीवाटीने बसतात. ज्याची बोटं जाड आहेत त्याचं एक बोट दोन तारांवर पडतं. बाजारातही म्हणूनच अरुंद मानेच्या त्या वर्षांना १९६४ च्या मानाने पुष्कळ कमी किंमत येते.

कॅलिपरने ३९.७ दाखवलं.

शेवटची खात्री म्हणून आमच्या दंतवैद्याकडून उसना आणलेला दांडीचा आरसा एफच्या छिद्रातून आत घातला आणि टॉर्च मारला. आवाज कमीजास्त करायचं बटण ज्या गोल डबीवर बसतं तिला पॉट म्हणतात. त्यावर बनवणाऱ्याचा छाप असतो. सीटीएस या कंपनीचा आकडा १३७. त्यापुढचे दोन आकडे वर्षाचे आणि शेवटचे दोन आठवड्याचे. आरशात उलटं वाचायला वेळ लागला, पण १३७ नंतर ६६ होते. पॉट काही गिटारीचा जन्मदाखला नव्हे. तो कधीकाळी बदललेला असू शकतो, कारखान्यात महिनोन्‌महिने पडूनही राहू शकतो. पण डाखेचे सांधे मूळचे दिसत होते, आणि पॉट तयार होण्याआधी त्याच्यासकट गिटार तयार झाली असं काही होत नाही. ट्रॅपीझ, क्रोम, अरुंद नट आणि ६६. चौघेही एकच सांगत होते.

आता खरी पंचाईत. मला स्वतःला ही गिटार हवी होती. माझी बोटं आखूड आणि बारीक आहेत, रुंद मानेवर माझी करंगळी थकते. बाजार जिला दोष म्हणतो ती अरुंद मान मला हातात धरताच घरच्यासारखी वाटली. आणि मी जे खरं सांगणार होतो त्यानेच तिची किंमत उतरणार होती. आंटीने मला जाणता म्हणून बोलावलं होतं. जाणत्याने “आंटी, ही तेवढ्याची नाही” म्हणायचं आणि मग पाकीट काढायचं, हे कसं दिसलं असतं? दिसायचं सोडा, मला रात्री झोप लागली नसती. म्हणून आधी सांगून टाकलं की मी ही घेणार नाही. मग सगळं सांगितलं.

आंटी थोडा वेळ गप्प बसली. छप्पराचा हिशेब तिच्या मनात चालला असणार. पण तिने विचारलं ते वेगळंच. तिच्या नवऱ्याला त्या दुकानदाराने लुबाडलं होतं का? मी नंबराची भानगड समजावली. दुकानदारानेही बहुधा नंबराचं पुस्तक उघडून साल काढलं असेल, दोन ओळींपैकी पहिली वाचली असेल. तिला ते पटलं की नाही कोण जाणे. मग मी तिला पहिल्या पाच पडद्यांवर पडलेले खड्डे दाखवले, तारांखाली धातू झिजून गेला होता. इतकं कुणी न आवडणाऱ्या गिटारीवर वाजवत नाही. आंटीने त्या खड्ड्यांवरून अंगठा फिरवला. “ताचीं बोटां ल्हान आशिल्लीं,” ती म्हणाली.

आंटीची गोष्ट इथे थांबवून पुन्हा फोंड्याच्या पत्राकडे वळतो. त्यांच्या मुलाला साठच्या दशकातली गिब्सन घ्यायची नाही हे उघड आहे. एरिक क्लॅप्टनची १९६४ ची ३३५ न्यूयॉर्कच्या लिलावात २००४ मध्ये ८,४७,५०० डॉलरला गेली. तो बाजार आपला नव्हे. पण तत्त्व तेच लागू पडतं.

गिब्सनच बघायची असेल तर त्यानंतरचे टप्पे माहीत असावेत. १९६९ च्या अखेरीस कंपनीची मालकी इक्वाडोरमधल्या, मूळच्या बिअरच्या धंद्यातल्या एका कंपनीकडे गेली, पुढे तिचं नाव नॉर्लिन झालं. त्या काळातल्या गिटारींच्या डोक्यामागे ‘मेड इन यू.एस.ए.’ दाबलेलं असतं, मान एका लाकडाऐवजी तीन पट्ट्यांची जोडलेली असते, आणि डोकं जिथे मानेला मिळतं तिथे एक उंचवटा असतो. डोकं तुटू नये म्हणून तो ठेवला. जुन्याचे भक्त त्याला नाकं मुरडतात; मला विचाराल तर बसच्या टपावरून प्रवास करणाऱ्या आपल्या गिटारींना तो उंचवटा बरा. १९७७ पासून आठ आकडी नंबर आले आणि कारखान्याने आपल्यावर उपकार केले. पहिला आणि पाचवा आकडा मिळून साल, मधले तीन म्हणजे वर्षातला कितवा दिवस. ८१२३२४५६ असा नंबर असेल तर १९८२ सालचा १२३ वा दिवस, म्हणजे ३ मे. शेवटचे तीन आकडे ५०० च्या खाली असले तर तेव्हा कालामझू, वर असले तर नॅशव्हिल. १९८४ मध्ये कालामझूचा कारखाना बंद पडला आणि हा भेद संपला. पुढे २००० च्या सुमारास या अर्धपोकळ गिटारी मेम्फिसला बनू लागल्या, आणि २०१९ पर्यंत ते काम पुन्हा नॅशव्हिलला गेलं. नंबराजवळ सुटा ‘२’ दाबलेला दिसला तर तो कारखान्याने दुय्यम म्हणून काढलेला नग. बहुतेक वेळा रंगातली खोट असते, आवाजात काही कमी नसतं, पण भाव करताना उपयोगी पडतो.

यात एक धागा आपल्या घाटापर्यंत येतो. फिंगरबोर्डचं लाकूड आधी ब्राझीलचं शिसवी होतं, साठचं दशक संपेपर्यंत भारतीय शिसवी आलं, तेच जे आपल्या पश्चिम घाटात वाढतं आणि ज्याची आजोबांच्या वेळची कपाटं अजून घरोघरी आहेत. ऑगस्ट २०११ मध्ये भारतातून आलेल्या शिसवी आणि एबनीच्या पट्ट्यांच्या कागदपत्रांवरून अमेरिकन सरकारने गिब्सनच्या नॅशव्हिल आणि मेम्फिसच्या कारखान्यांवर छापा घातला. पुढच्या वर्षी प्रकरण मिटलं, पण मधल्या काळात काही मॉडेलांवर शिसवीऐवजी भाजून काळपट केलेलं मेपल बसवलं गेलं. त्या एकदोन वर्षांतली गिटार कुणी दाखवली तर फिंगरबोर्ड शिसवीचा आहे की मेपलचा हे आधी विचारा.

खिशाला झेपेल अशी म्हणजे एपिफोन. ही गिब्सनच्याच घरातली, १९५७ मध्ये विकत घेतलेली. तिची ‘डॉट’ ही ३३५ ची साधी बहीण. फोंड्याच्या दोन गिटारी याच असाव्यात असा माझा कयास आहे. डॉट आधी कोरियात बनली, नंतर चीनमध्ये. जुन्या नंबरांच्या पुढे अक्षर असतं: ‘एस’ असेल तर कोरियातली सॅमिक, ‘यू’ असेल तर उनसुंग, ‘ईए’ असेल तर चीनमधल्या चिंगदाओचा कंपनीचा स्वतःचा कारखाना. नंतर अक्षरं गेली; लांबलचक आकड्यात पहिले दोन साल आणि पुढचे दोन महिना. कोरियाची म्हणून चढा भाव सांगणारे विक्रेते आपल्याकडेही आहेत. मी तेवढ्यासाठी दुप्पट देणार नाही. कोरियाच्या वाईटही पाहिल्या आणि चिंगदाओच्या सुरेखही. पडद्यांची टोकं तळहाताला खरवडतात का, मान पोटाला मिळते तिथे फट आहे का, हे नंबरापेक्षा जास्त सांगून जातं.

आणखी एक गफलत हमखास होते. एपिफोनची ‘कॅसिनो’ आणि गिब्सनची ‘३३०’ लांबून अगदी ३३५ सारख्या दिसतात. त्या अर्धपोकळ नाहीत, आत ठोकळाच नाही, पूर्ण पोकळ आहेत. बीटल्स मंडळींच्या हातात कॅसिनो होती म्हणून पुष्कळांना ती हवी असते, आणि ती वाईट मुळीच नाही. पण देवळाच्या मांडवात, कर्ण्याशेजारी उभं राहून वाजवायची असेल तर शिट्ट्यांची तयारी ठेवा. ओळखायची कशी? एफच्या छिद्रातून टॉर्च मारा. मध्ये लाकडाची भिंत दिसली तर ठोकळा आहे. पलीकडच्या छिद्रातला उजेड दिसला तर नाही.

आयबॅनेझची आर्टकोर मालिका २००२ पासून आहे, तिची ए.एस. ७३ जुन्या बाजारात पुष्कळ दिसते. जुन्या नगांचं पोट मेपलच्या प्लायचं होतं, अलीकडच्यांचं लिंडनचं. नाव तेच, पण टिचकी मारून ऐकलंत तर फरक कळतो.

आणि बटणं फिरवून पाहा, सगळी. खर्र आवाज आला किंवा आवाज तुटला तर किंमतीतून दुरुस्तीचे पैसे कापून घ्या, आणि नेहमीपेक्षा जास्त कापा. कारण भरीव गिटारीला मागे झाकण असतं, अर्धपोकळीला नसतं. सगळी वायर आणि पॉट एफच्या छिद्रातून बाहेर काढायचे आणि दोरा बांधून, पायजम्यात नाडी ओवावी तसे, एकेका भोकातून पुन्हा वर ओढायचे. कारागिराचा अर्धा दिवस जातो, आणि पावसात तो आधीच चिडलेला असतो.

अंगावर बुजवलेली भोकं शोधा. ट्रॅपीझ काढून जुन्यासारखा दांडा बसवायची अनेकांना हौस असते. लॅरी कार्लटनच्या प्रसिद्ध १९६९ च्या ३३५ वरही तसाच बदल केलेला आहे. त्याने आवाजाचं नुकसान होत नाही, उलट काहींना तो अधिक आवडतो. पण मूळ स्थिती मोडली की किंमत घटते, आणि विकणारा ते आपणहून सांगेलच असं नाही. मात्र प्रत्येक भोक म्हणजे छेडछाड नव्हे. साठच्या दशकात कारखान्यातूनच काही गिटारींची भोकं ‘कस्टम मेड’ लिहिलेल्या पट्टीने झाकून यायची, कारण त्यांना बिग्सबीचा हलता टेलपीस लावलेला असे.

मडगावच्या घरात त्या रविवारी मी गेलो नाही. जे जे पाहिलं ते एका कागदावर लिहून दिलं होतं: नटची रुंदी, पॉटचा आकडा, नंबर, पडद्यांची झीज, आणि खाली ‘माझ्या मते १९६६’. आंटीने तो कागद गिऱ्हाईकाला आधी वाचायला दिला, मग केस उघडली. त्याने बोललेली रक्कम बरीच खाली आणली, आंटीने थोडी वर ढकलली. छप्पर पूर्ण झालं नाही, स्वयंपाकघरावरचं आणि देवाच्या खोलीवरचं झालं. कागद त्याने मागून घेतला आणि केसमध्ये ठेवला, असं तिने फोनवर सांगितलं. त्याची बोटं कशी होती ते विचारायचं राहिलं.

फोंड्याच्या वाचकांनी दोन्ही गिटारींचे नंबर आणि नटची रुंदी लिहून पाठवावी. कॅलिपर नसेल तर आमच्या कार्यालयात निरोप ठेवा, माझा घेऊन जा. आरसा मात्र मिळणार नाही, तो डॉक्टरांनी परत मागितला आहे.